ग्रुप फोटो काढून झाल्यावर

वसई-विरारमध्ये रविवारी कुठे ना कुठे कार्यशाळा असतेच. कधी चर्चच्या आवारातल्या सभागृहात, कधी शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून, कधी एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर मांडव घालून. विषय कचऱ्याच्या वर्गीकरणापासून पक्षी ओळखण्यापर्यंत, माहितीच्या अधिकारापासून परसबागेपर्यंत कुठलाही. शेवटचा अर्धा तास मात्र सगळीकडे एकच. प्रमाणपत्रं वाटली जातात, कोणीतरी ‘आता थांबायचं नाही’ म्हणतं, एका कागदावर फोन नंबर लिहून घेतले जातात, मग सगळे पायऱ्यांवर दाटीने उभे राहतात आणि फोटो निघतो. घरी पोचेपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुप तयार झालेला असतो. पहिल्या आठवड्यात तिथे फोटो येतात, दुसऱ्या आठवड्यात लेखांच्या लिंक, तिसऱ्या आठवड्यात सुप्रभातची गुलाबाची फुलं. मग कोणीतरी फ्लॅट भाड्याने देण्याची जाहिरात टाकतं आणि दोन-चार जण गुपचूप बाहेर पडतात. पुढच्या बैठकीला ३०-४० जणांपैकी पाच येतात, आणि ते पाच जण आयोजकांच्याच घरातले असतात.

यावर आयोजकांचं ठरलेलं निदान असतं: लोकांना चिकाटी नाही. वसई-विरारमध्ये राहून कोणी असं म्हटलं की मला नवल वाटतं. पहाटेच्या विरार लोकलमध्ये वर्षानुवर्षं ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या जागी टाळ काढून बसणारी भजनी मंडळं याच गावांतली आहेत. ती कुठे नोंदलेली नाहीत, त्यांना निधी नाही, कोणी त्यांना ‘उद्या नक्की या’ असा निरोपही पाठवत नाही. दसऱ्याच्या आधी याच गाडीला तोरणं बांधली जातात. बायकांच्या डब्यात हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणंही होतात. माणसं टिकतात. ती आपल्या कार्यशाळेनंतर का टिकली नाहीत, एवढाच प्रश्न उरतो.

भजनी मंडळाचं गणित सोपं आहे. गाडी रोज येते, आणि त्यांना ती पकडावीच लागते. पखवाजवाला नसला तर त्या दिवशी भजन पांगळं होतं, म्हणून दादरला उतरेपर्यंत चार जणांनी त्याला फोन केलेला असतो. म्हणजे तीन गोष्टी जुळून आल्या: आपोआप परत येणारी वेळ, प्रत्येकाच्या हातात काहीतरी वाद्य आणि गैरहजेरीची जाणीव. आपल्या कार्यशाळांच्या आखणीत या तिन्हींपैकी एकही नसते. आपण माणसांना माहिती देतो, प्रेरणा देतो, आणि मग ती स्वतःच्या बळावर परत येतील अशी वाट पाहत बसतो. माझ्या मते माणसं आठवणीने परत येत नाहीत. काम परत आलं की त्याच्या मागोमाग येतात. म्हणून कुठल्याही कार्यशाळेबद्दल पहिला प्रश्न हा विचारावा: यातलं काम पुन्हा उगवणारं आहे का?

पश्चिम पट्ट्यातल्या बावखलांकडे बघितलं की हे नीट कळतं. निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, नंदाखाल या भागात फिरताना वाड्यांच्या मधोमध हिरव्या पाण्याचे खोलगट तलाव दिसतात, तीच बावखलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड्या ठेवतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या या रेताड जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. वरून भर कमी झाली आणि उपसा वाढला की खारं पाणी वर सरकतं. केळी, पानवेली, भाजी, मोगरा, सोनचाफा ही वसईची सगळी ओळख या गोड्या थरावर उभी राहिलेली. पूर्वी बावखलावर रहाट असायचा, वाडीचं शिंपणं त्यावरच व्हायचं, म्हणून बावखल उपसणं हे शेतीचंच काम होतं. पंप आले, रहाट मोडीत निघाले आणि बावखलाचा रोजचा धनी गेला. मग ते पानांनी, जलपर्णीने, प्लास्टिकने भरत गेलं. पुढे कित्येक ठिकाणी मातीचा ट्रक येऊन ते बुजलं आणि वर इमारत चढली.

अलीकडच्या वर्षांत स्थानिक तरुणांनी यातली काही बावखलं पुन्हा साफ केली. अशा कामाचा पहिला दिवस छान जातो. गुडघाभर चिखल, हसणं-खिदळणं, मधल्या वेळी कोणाच्या तरी घरून आलेला चहा. पण बावखलाचा गुण असा की ते पुन्हा भरतं. भोवतालची झाडं पानं गाळायची थांबत नाहीत, आणि जलपर्णीचा एक तुकडा राहिला तरी काही महिन्यांत पृष्ठभाग झाकून जातो. कार्यकर्ते याला दुर्दैव म्हणतात. मला हेच भाग्य वाटतं. दर मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, हे काम स्वतःहून दारात येऊन उभं राहतं. त्याची तारीख आयोजकाच्या डायरीत नसते, ती मृगाने ठरवलेली असते. ज्या गावात बावखलाचे काठ घरांमध्ये वाटून घेतले जातात, हा काठ या घराचा, तो त्या घराचा, तिथे कोणाच्या बाजूला घाण राहिली हे सगळ्या आळीला दिसतं. ग्रुपवर कोणाला जाब विचारण्याची गरजच पडत नाही.

उलट ‘बावखल वाचवा’ या विषयावरची दोन तासांची जनजागृती, तीही स्लाइड दाखवून, पुन्हा उगवत नाही. ती एकदा झाली की झाली. ऐकणारा पटलेल्या मनाने घरी जातो आणि त्याला करायला काही उरत नाही. पटलेली माणसं गळून जातात याचं आयोजकांना दुःख होतं, पण पटल्यावर करायचं काय हे त्यांनी सांगितलेलंच नसतं.

वसईला याचा मोठा अनुभव आधीच आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. हिरव्या पट्ट्यात बांधकामांना वाट मोकळी होत होती. १९९० मध्ये सिडको या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण झाली. गावातल्या विहिरींचं पाणी टँकरने नव्या इमारतींकडे चाललं होतं. विषय नकाशे, आरक्षणं, चटई क्षेत्र यांचा, म्हणजे सामान्य शेतकऱ्याला कंटाळा यावा असा. तरी हजारो माणसं रस्त्यावर आली, आणि एकदाच येऊन थांबली नाहीत. फादरांची वाणी, त्यांचं धाडस याचा वाटा मोठाच. गुंडगिरीच्या त्या काळात उघड बोलणं हीच मोठी गोष्ट होती. पण नुसत्या वाणीवर माणसं दुसऱ्या वर्षी येत नाहीत. टँकर रोज येत होता. आपल्या विहिरीची पातळी रोज दिसत होती. हाताशी चर्चच्या धर्मग्रामांची घट्ट वीण होती, जिथे माणसं दर रविवारी तसंही भेटत. आणि ‘सुवार्ता’ हे मासिक होतं. १९८३ ते २००७ अशी जवळपास पंचवीस वर्षं दिब्रिटो त्याचे संपादक होते. दर महिन्याला घरात येणारा अंक हा पाठपुराव्याचा किती भक्कम मार्ग आहे, हे आज ‘फॉलोअप’ची चर्चा करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये गेले. त्यांच्यावर लिहिताना लोक त्यांच्या भाषणांबद्दल भरभरून लिहितात. मला त्या महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या अंकाचं कौतुक जास्त वाटतं.

याच भूमीत याच्या उलटा अनुभवही आहे. जुलै २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि गावं तिच्यात घेण्याला कडाडून विरोध झाला. त्याच वर्षी श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित वसईतून विधानसभेवर अपक्ष निवडून आले, इतकी ती लाट होती. २०११ मध्ये २९ गावं वगळण्याचा निर्णय सरकारने घेतला, तो उच्च न्यायालयात अडकला आणि वर्षांमागून वर्षं गेली. न्यायालयाच्या तारखाही पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे माझ्या हिशोबाने माणसं टिकायला हवी होती. पण त्या तारखेला काम वकिलाला असतं. गावातल्या माणसाने फक्त ‘काय झालं?’ विचारायचं आणि ‘पुढची तारीख’ हे उत्तर ऐकायचं. काम परत येऊनही आपल्या हाताला काही येत नसेल, तर माणूस प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षक उठून जातो.

वसईच्या किल्ल्यात वेगळं चित्र दिसतं. श्रीदत्त राऊत यांच्या पुढाकाराने किल्ले वसई मोहीम बरीच वर्षं इथे काम करते आहे: सफाई, अभ्यासफेऱ्या, नोंदी. वसईचा कोट भारतीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे दगडाला हात लावायला परवानगी लागते आणि उत्साही नवख्यांचा पहिल्याच दिवशी हिरमोड होतो. पण पाऊस दर वर्षी तटावर झाडोरा उगवून ठेवतो. पिंपळाचं रोप सांध्यात शिरलं की दोन-तीन वर्षांत चिरा हलवतं. पर्यटक दर रविवारी बाटल्या टाकून जातात. आणि दर मे महिन्यात १७३९ सालच्या चिमाजी अप्पांच्या विजयाची आठवण निघते. बावखल आणि किल्ला दोन्हीकडे निसर्गच हजेरीवही घेऊन बसलेला आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी सर्वांत मोठ्या प्रमाणावर झुंजलेली संस्था म्हणजे पानी फाउंडेशन. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत, वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव इथे, सत्यमेव जयते वॉटर कप सुरू झाला. २०१८ पर्यंत तो ७५ तालुक्यांत पोचला. पद्धत अशी की गावातून निवडलेल्या काही जणांनी चार दिवसांचं निवासी प्रशिक्षण घ्यायचं आणि परत येऊन उन्हाळ्यात ४५ दिवस श्रमदान उभं करायचं. प्रशिक्षणाला लगेच जोडून काम, कामाला अंतिम तारीख, तारखेमागे स्पर्धा. ही रचना जबरदस्त चालली. रात्री मशालींच्या उजेडात चर खणणारी गावं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. पण समतल चर एकदा खणला की खणला. ४५ दिवसांनंतर गावाला एकत्र ठेवणारं काय, हा प्रश्न तिथेही आलाच असणार, कारण पुढे संस्थेने वाटच बदलली. २०२० मध्ये दीड वर्षाची समृद्ध गाव स्पर्धा आली, २०२२ मध्ये फार्मर कप आला. फार्मर कपमध्ये गट करून एक पीक पेरणीपासून काढणीपर्यंत मिळून करायचं असतं. श्रमदानाच्या उन्हाळ्यातून ते हंगामावर आले. खरीप दर वर्षी येतो, त्याला कोणी उद्घाटक लागत नाही.

शेतीतल्या माणसांना हे आधी कळलेलं दिसतं. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला होता. कीटकनाशकं मारावीत तितके तुडतुडे वाढत होते, कारण त्यांना खाणारे कोळी आणि किडेच आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. साधारण २५ शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, संपूर्ण हंगामभर. शेतात उतरायचं, किडे मोजायचे, मोठ्या कागदावर चित्र काढायचं, फवारायचं की नाही हे चर्चेने ठरवायचं. प्रशिक्षणाची लांबी पिकाच्या लांबीएवढी. ‘प्रशिक्षणानंतर काय’ हा प्रश्न तिथे उरतच नाही, कारण प्रशिक्षण आणि काम एकाच दिवशी संपतात. महाराष्ट्रातही कृषी विभाग शेतीशाळा घेतो. चांगला कृषी सहायक असेल तिथे ती हंगामभर चालते. नसेल तिथे एकाच दिवशी चार वेळा कपडे बदलून चार वर्गांचे फोटो निघतात, असा विनोद शेतकरी करतात. विनोदच आहे, पण तो कोणाला पटकन कळतो ते पाहावं.

आणि जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. बहुतेक जणी निरक्षर, अनेक दलित, घराबाहेर फारशा न पडलेल्या. त्यांना एकदाच सहा महिने शिकवून गावात पाठवणं सोपं गेलं असतं. तसं केलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या. आठवडाभरात आपल्या गावात काय झालं ते सांगायच्या: कोणाचं बाळंतपण अडलं, कोणाचं मूल जुलाबाने खंगलं, कोणत्या घराने दारातूनच परत पाठवलं. शिकवणं त्या अडचणींतून निघायचं. असं वर्षानुवर्षं चाललं. याला कार्यशाळा म्हणायचं की नोकरी की मैत्रीण मंडळ, हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते टिकलं असावं. या बायकांना गावात अपमान सोसावे लागत. आठवड्याने कोणीतरी आपलं ऐकून घेणार आहे, हे माहीत असल्यावर सहा दिवस निघतात. आपल्याकडच्या पाठपुराव्यात सहभागींना ‘किती प्रगती झाली’ हे विचारलं जातं. काय अडलं हे विचारणारी बैठक मी फार कमी पाहिली आहे. प्रगती न झालेला माणूस पहिल्या प्रकारच्या बैठकीला येतच नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणजे ज्याला गरज, तोच पहिल्यांदा गळतो.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने २००६ पासून चालवलेल्या ‘निर्माण’मध्येही एक शिबिर हे शेवटचं नसतं. काही महिन्यांच्या अंतराने शिबिरांची मालिका असते आणि मधल्या काळात तरुणांनी आपल्या जागी जाऊन काही करून पाहायचं असतं. पुढच्या शिबिरात रिकाम्या हाताने जायचं नाही, ही भीड कुठल्याही स्मरणपत्रापेक्षा जास्त काम करते.

मग आपल्याकडे हे का होत नाही? एक कारण पैशाच्या वाटेवर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचं बंधन आलं आणि एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. त्यातून चांगली कामं झाली, कार्यशाळांचं पीकही आलं. अहवालाच्या तक्त्यात ‘लाभार्थींची संख्या’ असा रकाना असतो. सकाळी दहाला सही करणारा आणि अकरा महिन्यांनी बावखलात उतरलेला, दोघेही तिथे एक-एकच. सभागृहाचं भाडं, बॅनर, जेवण, फाइल, पेन यांना तरतूद असते. सहा महिने दर पंधरवड्याला घरोघरी जाणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या मानधनाला नसते. माझं मत विचाराल तर बॅनरचे पैसे त्याच्या रिक्षाभाड्याला द्यावेत. मार्च संपायच्या आत अहवाल जातो, आणि अहवाल गेला की आयोजकांच्याच मनातून शिबिर उतरतं. सहभागींनी मग कशाला धरून राहावं?

तुलनेला वसईतल्या पापडीचं उदाहरण घ्या. १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी इथल्या शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्था काढली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. सावकाराच्या विळख्यातून सुटायला एकत्र या, हा उपदेश तेव्हाही कोणी दोन तासांत देऊ शकलं असतं. त्याऐवजी हिशोबाची वही उघडली गेली. वही उघडली की दर महिन्याचा हप्ता आला, वर्षाची सर्वसाधारण सभा आली, भांडणंही आली. शंभर वर्षांहून अधिक काळ ती चालू आहे. महिला बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब असतात ते याचसाठी. गटातल्या बायका महिला सबलीकरणावरच्या व्याख्यानासाठी जमत नाहीत, हप्ता भरायला जमतात. मग सबलीकरणाचं बोलणं त्या ओघात होतं.

दुसरं कारण इथल्या दिनक्रमात आहे. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. पहाटे निघालेला माणूस रात्री नऊला उतरतो, शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो आणि दहाला जेवतो. त्याला बुधवारी संध्याकाळी सात वाजता बैठकीला बोलावणारा आयोजक कुठल्या गावात राहतो, असा मला प्रश्न पडतो. रविवारी सकाळी पश्चिमेकडच्या गावांत मिस्सा असते, दुपारी मेगाब्लॉक असतो. फुलवाल्याचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो, त्याची फुलं पहिल्या गाड्यांनी दादरला जातात. कोळणीचं वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालतं. नालासोपाऱ्याच्या चाळींत मराठीइतकीच हिंदी आणि गुजराती बोलली जाते, आणि भाडेकरार संपला की कुटुंब दुसऱ्या चाळीत जातं. फोन नंबर तोच राहिला तरी बैठकीची जागा दोन किलोमीटर लांब पडते. जुलै २०१८ च्या पुरात नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, मिठागरांतली माणसं अडकली, वीज नव्हती. त्या दिवसांत कोणाकडे काय आहे, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, हे ठाऊक असणारे लोक मजला-मजल्यावर होते. आपत्ती व्यवस्थापनाची कार्यशाळा घ्यायची तर या लोकांपासून सुरुवात करावी, आणि सराव दर जूनच्या पहिल्या रविवारी त्यांच्याच इमारतीत व्हावा.

पूर्व पट्ट्याचं पंचांग तर आणखी वेगळं. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवर, पलीकडे वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाड्यात, कातकरी आणि वारली कुटुंबं भातकापणी उरकली की, दिवाळीनंतर, वीटभट्ट्यांवर निघतात. वसई, भिवंडीच्या भट्ट्यांवर पोरंबाळं, कोंबड्या, भांडी घेऊन राहतात. ऑक्टोबरमध्ये पाड्यावर शिबिर घेणारा उत्साही तरुण डिसेंबरमध्ये पाठपुराव्याला जातो तेव्हा दारांना काट्या लावलेल्या असतात. तो लिहितो: प्रतिसाद कमी. उसगावच्या विधायक संसदेने याचा दुसरा अर्थ लावला होता. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये ही संस्था काढली, श्रमजीवी संघटना तिच्या पाठोपाठ आली, आणि वेठबिगारांच्या मुक्तीसाठीच्या त्यांच्या लढ्याला १९९९ मध्ये अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. मुलं शाळा सोडून भट्टीवर जातात, तर शाळाच भट्टीवर नेऊ, असं ठरवून त्यांनी भोंगाशाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर विटा रचून, वर गवत-पेंढा टाकून केलेली खोप. शाळाही तशाच भोंग्यात भरायची. मुलं गळाली असं म्हणत बसण्यापेक्षा ती कुठे गेली ते शोधलं गेलं.

या दिवाळीनंतरही ट्रक भरून निघतील. पाड्यावरच्या गटाशी संबंध ठेवायचा असेल त्या संस्थेने आत्ताच विचारून ठेवावं: कोणतं कुटुंब कोणत्या भट्टीवर, मुकादम कोण, सोबत कोणाचा फोन चालू असेल. भट्टीवर हिशोब आठवड्याने होतो आणि त्याच दिवशी बाजार असतो, तेव्हा भेट त्या दिवशी ठेवावी. पहिला पाऊस पडला की ही माणसं परततात, पण तेव्हा लगेच बैठक लावू नये; आधी पेरा, मग आवणी. जुलै सरता सरता आवणी उरकते, हातात थोडा वेळ असतो. शिबिराची दुसरी तारीख तेव्हाची धरावी आणि ती पहिल्या शिबिराच्या पत्रिकेवरच छापावी.